डाग पडलेली प्रत : जुन्या मराठी पाकपुस्तकांचा शोध

जुनी मराठी पाकपुस्तके जमवू लागल्यावर एक विसंगती लवकरच ध्यानात येते. घरोघरी वापरली गेलेली ही पुस्तके आज सर्वांत दुर्मीळ आहेत. पोथी देवघरात राहिली, कादंबरी कपाटात राहिली. पाकपुस्तक मात्र चुलीजवळ, पिठाच्या आणि तेलाच्या हातांत. पाने सुटली की त्याची रद्दी झाली. ग्रंथालयांनीही ती फारशी जपली नाहीत, कारण स्वयंपाक हा अभ्यासाचा विषय आहे असे कोणाला वाटत नव्हते.

माझा शोध बहुतेक बुधवार पेठेतच चालतो. आप्पा बळवंत चौकाचा व्याप आता पाठ्यपुस्तकांचा आणि गाइडांचा. तरी पेठेतला एखादा वाडा पाडायला निघाला की पुस्तकांचे गठ्ठे बाहेर पडतात, आणि त्यांत मुखपृष्ठ नसलेले, सुतळीने बांधलेले एखादे पाकपुस्तक सापडते. अशा निनावी पुस्तकाची ओळख पटवणे हेच खरे संशोधन. त्यासाठी शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’सारखा आधार नाही, १८०० ते १९३७ या काळातली छापील मराठी पुस्तके तिच्या पहिल्या खंडात विषयवार नोंदली आहेत. दुसरा आधार सरकारी. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची केली आणि त्या नोंदींच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या.

या वाटेने मागे गेले की रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’पाशी पोचतो. १८७५ साली छापलेले हे पुस्तक मराठीतील आद्य छापील पाकपुस्तकांत गणले जाते. रांधणाऱ्या बायका आणि लिहिणारा पुरुष, अशी ही सुरुवात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले आणि हजार कृतींचा ग्रंथ एका बाईच्या नावावर उभा राहिला. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. तिने वजने बाजूला ठेवून वाटी आणि चमचा ही मापे घराघरांत रुजवली.

हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. जुन्या कृतींत तोळा, मासा, शेर, चिपटे, मापटे येतात. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे कोष्टक शाळेत पाठ होत असे. पण पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि मुंबईचा जुना शेर त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून पुस्तक कुठे छापले हे कळल्याशिवाय त्यातला लाडू वळता येत नाही! वाटीला गावाचे बंधन नाही. ती लहान असो वा मोठी, प्रमाण तेच राहते. तराजू नसलेल्या स्वयंपाकघरालाही आता छापील कृती वापरता येऊ लागली.

साल छापलेले पान गेले असेल तर इतर खुणा पाहाव्यात. शक सापडला तर त्यात ७८ मिळवावेत; शके १७९७ म्हणजे साधारण १८७५. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचे. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधले. ग्रॅम-किलो दिसू लागतात ते १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आल्यानंतर. शेवटच्या पानांवरच्या जाहिराती तर कधीच फाडू नयेत. स्टोव्ह की शेगडी, साजूक तूप की वनस्पती, हे त्याच सांगतात.

सर्वांत मोलाचा मजकूर मात्र समासात असतो. माझ्याकडच्या एका प्रतीत शंकरपाळ्यांच्या कृतीशेजारी साखर निम्मी करून पेन्सिलीने लिहिली आहे. हा चवीचा फरक वाटला असता. पण शेजारच्याच पानावर रेशनच्या साखरेचा हिशेब मांडलेला आहे. सणाला गोड तर झाले पाहिजे आणि साखर तर मोजकी, हा त्या घरातला पेच त्या दोन आकड्यांत उरला आहे. लिहिणारीचे नाव कोणत्याच ग्रंथसूचीत नाही. तिचे लेखन म्हणून एवढेच.

बाइंडरकडे गेलेल्या प्रतीत नेमके हेच जाते. कडा सारख्या करताना समास कापला जातो, मुखपृष्ठ आणि जाहिराती टाकून दिल्या जातात. पुस्तक देखणे होते आणि मुके होते. म्हणून मी स्वच्छ प्रतीपेक्षा डाग पडलेली प्रत आधी घेतो. तेलाचा डाग कुठल्या पानावर आहे यावरून त्या घरात काय वारंवार होत असे ते कळते.

दिवाळीच्या आवराआवरीत आजीचे असे पुस्तक हाती लागले तर ते रद्दीत घालू नका, बांधायलाही देऊ नका. सुटी पाने क्रमाने कागदात गुंडाळा, समासासह प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, आणि अक्षर कोणाचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. अक्षर ओळखणारे माणूस घरात आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे.