दाना ओलीतली माणसे आणि परदेशचे पाणी

परगावचा मराठी पाहुणा दाना ओलीत प्रथम येतो तेव्हा गल्लीचे नाव ऐकून हसतो. येथली 'ओली' म्हणजे ओळ, दुकानांची रांग. ओलाव्याशी तिचे काही नाते नाही, आणि मे महिन्यात तर मुळीच नाही. लष्करातल्या जुन्या मराठी घरांचा पाण्याशी परिचय म्हणजे वाड्यातला आड, नळाची वेळ आणि पर्वणीला गंगा-यमुनेवर काठ धरून केलेले स्नान. स्वर्णरेखेचे नाव सोन्याचे खरे, पण तिच्यात पोहायला शिकलेला मनुष्य माझ्या पिढीत शोधून सापडायचा नाही. पिण्याचे पाणी तिघऱ्याचे. सांक नदीवरचा तो बांध १९१६ साली उभा राहिला आणि १९१७ च्या ऑगस्टात फुटला, ही हकीकत घरोघरी ऐकलेली. तेव्हा पाणी म्हणजे जपून वापरायची आणि थोडी भ्यायची वस्तू, असाच संस्कार.

समुद्र तर दूरच. समुद्रोल्लंघन केले की प्रायश्चित्त, हे आमच्या पणजोबांच्या काळचे शास्त्र. तरी त्याच काळात माधवराव महाराज १९०० साली चीनच्या मोहिमेवर गेले आणि त्या मोहिमेला त्यांनी एक इस्पितळ-जहाज दिले. राजाने समुद्र ओलांडला म्हणून प्रजेची भीती जाते असे मात्र नाही.

आता काय झाले आहे? ओलीतल्या निम्म्या घरांची मुले सिडनी, सिंगापूर, दुबई, टोरोंटो अशी विखुरली आहेत. वर्षा-दोन वर्षांनी आई-वडील तिकडे जातात. पूर्वी अशा प्रवासाची छायाचित्रे यायची ती पुतळ्यापुढे कोट घालून उभे राहिलेल्या मंडळींची. आता येतात ती नारिंगी जाकीट चढवलेल्या, केस विस्कटलेल्या, डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावलेल्या काकूंची. शेजारच्या एका वहिनींनी वयाच्या साठाव्या वर्षी थायलंडला छत्रीला लटकून समुद्रावरून फेरी मारली. पुढून मोटारबोट दोर ओढते, वर छत्री फुगते, मनुष्य पतंगासारखा चढतो. मला स्वतःला या प्रकारात फारशी गंमत दिसत नाही. त्यात आपण करायचे काहीच नसते, सारे बोटवाला करतो. पण वहिनी परत आल्यावर आठ दिवस त्यांच्या बोलण्यात जो तजेला होता, तो मी नाकारणार नाही.

या साऱ्या प्रकाराकडे कौतुकाने पाहावे की धास्तीने, हा प्रश्न गेल्या वर्षी एकदम जवळ आला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी आसामचे लोकप्रिय गायक झुबीन गर्ग सिंगापूरला समुद्रात पोहत असता बुडून गेले. वय अवघे ५२. कार्यक्रमासाठी गेलेला कलावंत, नौकेवरची सहल, आणि मग ती बातमी. पहिल्या दिवशी सगळीकडे छापून आले ते 'स्कूबा' करताना अपघात असे. पुढे कळले की ते पोहत होते, अंगावर तरंगते जाकीट नव्हते. त्यानंतरच्या तपासात आणि वादात शिरण्याचे मला कारण नाही. पण आमच्या वर्गातल्या पालकांनी त्या आठवड्यात जे ठरवले ते मला खटकले. परदेशी जाणाऱ्या मुलींना त्यांनी बजावले, "पाण्याच्या जवळ जायचे नाही." मुलांना तितके कोणी बजावले नाही, हेही लिहून ठेवतो. भीती योग्य जागी असावी. ती कोठे असावी हे समजायचे तर या खेळांत होते काय, ते नीट पाहिले पाहिजे.

स्कूबाचेच घेऊ. फ्रान्समध्ये १९४३ साली जॅक कुस्तो हा नाविक अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनीअर या दोघांनी एक झडप तयार केली. पाठीवरच्या नळकांड्यात दाबून भरलेली हवा, ती झडप, आणि तोंडात धरायची नळी. पाणबुड्या जितका खोल जाईल तितक्या दाबाची हवा ती त्याला, त्याने श्वास ओढला की, पुरवते. साधी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे समुद्राचा तळ सामान्य माणसाला खुला झाला. दाबाचा हिशेब असा: दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटर खाली आपल्यावर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो. तेथे छातीभर घेतलेली हवा कोंडून मनुष्य सरळ वर आला, तर ती हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून या विद्येचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही.

हा नियम गवयाला सांगून पाहा! माझे वडील दरबारच्या गवयांपैकी. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. पहाटे खर्ज लावायला बसवीत आणि दमसासाची परीक्षा घेत. सूर टिकवायचा म्हणजे छातीतली हवा कृपणासारखी खर्चायची. ती सवय हाडात मुरलेली. तीन वर्षांपूर्वी मॉरिशसला तेथल्या मराठी मुलांना भजने शिकवण्यासाठी पंधरा दिवस राहणे झाले. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेले. घरात क्रिओल बोलतात, पण देवघरात मराठी. गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते आणि विसर्जनाला पुष्कळ ठिकाणी समुद्रच. त्या मंडळींना समुद्राचे भय नाही. एका सद्गृहस्थांनी मला विचारले, "गुरुजी, पंधरा दिवस काठावर बसून जाणार काय?"

पहिल्या दिवशी त्यांनी मला शिरस्त्राणाच्या प्रकाराला नेले. डोक्यावर मोठे काचेचे शिरस्त्राण ठेवतात, वरच्या बोटीतून नळीने हवा येत राहते, आणि तीन-चार मीटर खोल वाळूवर आपण चक्क चालतो. पोहता येण्याची गरज नाही. चेहरा कोरडा राहतो. चष्मासुद्धा नाकावर तसाच. ज्येष्ठांना मी हाच प्रकार आधी सुचवीन. कानांत मात्र दडा बसतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे, म्हणजे तो सुटतो. या युक्तीला वाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याचा कानावरचा ग्रंथ १७०४ सालचा. जोराने फुंकायचे नाही आणि दुखेपर्यंत थांबायचे नाही. कान ही ज्याची उपजीविका आहे त्याने तर हे आधी पक्के करावे.

दोन दिवसांनी स्कूबाची पहिली डुबकी. नवशिक्याला शिक्षकासोबत १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. मी त्याच्या निम्माही गेलो नसेन. आधी कमरेइतक्या पाण्यात तासभर सराव झाला: तोंडातली नळी सुटली तर पुन्हा कशी धरायची, मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने कसे घालवायचे, हाताच्या खुणा कोणत्या. आपल्याकडे अंगठा वर केला की 'छान'. तेथे त्याचा अर्थ 'वर चला'. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करावे लागते. मग श्वास. ओढा, सोडा, ओढा, सोडा, मध्ये थांबणे नाही. पहिली पाच मिनिटे छाती आपोआप कोंडून धरायला पाहत होती. मग ध्यानात आले की खर्जाच्या साधनेत आपण जो लांब, सावकाश उच्छ्वास शिकतो तो येथे फुकट जात नाही. घाईने श्वास घेणाऱ्याचे नळकांडे लवकर रिकामे होते. विलंबित लयीवाला तळाशी अधिक वेळ राहतो. फक्त सम आली म्हणून थांबायचे नाही, इतकेच.

मासे, प्रवाळ यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. मला नवल वाटले ते आवाजाचे. लांबून एक बोट चालली होती. तिची घरघर डावीकडून येते की उजवीकडून, हे काही केल्या समजेना. ती जणू डोक्याच्या आतच वाजत होती. कारण नंतर वाचले. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५००. दोन कानांवर तो जवळजवळ एकाच क्षणी आदळतो, म्हणून दिशा कळत नाही. कोलाडों आणि स्टुर्म या दोघांनी १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात हा वेग मोजला. एका नावेतून पाण्याखाली घंटा वाजवायची, त्याच क्षणी वर दारूचा भडका उडवायचा, आणि कित्येक किलोमीटर दूरच्या नावेतून पाण्यात नळा सोडून घंटा ऐकायची. उत्तर आले सेकंदाला १४३५ मीटर. दोनशे वर्षांपूर्वीच्या साधनांनी काढलेला हा आकडा आजच्या मोजणीच्या किती जवळ आहे!

पण आम्ही ग्वाल्हेरकर पाण्याला अगदीच पारखे, ही समजूत आता टाकून द्यायला हवी. प्राची यादव आपल्याच शहराची मुलगी. जन्मापासून कमरेखाली पक्षाघात. प्रथम ती पोहू लागली. तिचे लांब हात पाहून गुरूंनी तिला होडीकडे वळवले. सराव भोपाळच्या छोट्या तलावात. २०२१ साली टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये ती या खेळातली पहिली भारतीय म्हणून उतरली आणि अंतिम शर्यतीत आठवी आली. २०२२ साली पोलंडमध्ये पोझ्नान येथे विश्वचषक स्पर्धेत कांस्यपदक, २०२३ च्या ऑक्टोबरात चीनमध्ये हांगचौ येथे आशियाई पॅरा स्पर्धेत एका होडीत सुवर्ण आणि दुसरीत रौप्य. मग अर्जुन पुरस्कार. या दोन होड्या निराळ्या आहेत. एक कयाक, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याची. दुसरी 'व्हा', पॅसिफिकच्या बेटांवरची, एका पात्याच्या वल्ह्याची, आणि बाजूला तरंगता दांडा जोडलेली. कोकणातल्या मंडळींना हे समजावून सांगावे लागणार नाही. त्यांच्या होडीची उलांडी ती हीच.

आणि शेजारच्या भिंड जिल्ह्यातले सतेंद्रसिंह लोहिया. दोन्ही पाय अधू, पोहणे शिकले ते गावच्या नदीत. २०१८ साली सहकाऱ्यांबरोबर आळीपाळीने पोहत त्यांनी इंग्लिश खाडी पार केली, २०१९ साली अमेरिकेतली कॅटालिना खाडी. २०२४ साली पद्मश्री. महाराष्ट्राकडचे नाव सांगायचे तर पुण्याचे रोहन मोरे: जगातल्या सात कठीण सागरी खाड्या पोहून जाणारे ते पहिले आशियाई, त्यांची सातवी, न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी, २०१८ च्या फेब्रुवारीत झाली. या लोकांचा पराक्रम आणि आपली सहलीतली डुबकी यांची तुलना होऊ शकत नाही. पण त्यांच्या बाबतीत एक गोष्ट दिसते की परदेशच्या पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांनी घरच्या पाण्यात वर्षे घालवली होती. आपण नेमके उलट करतो. घरी असताना तलावाची पायरी उतरत नाही आणि बालीला पोचताच पहिल्या सकाळी समुद्रात उडी घेऊ पाहतो.

आणखी एक विलक्षण योग. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तेथे जीवरक्षक आणि मोटारबोट चालवणारे तयार होतात. ती ज्या प्रवास व पर्यटन व्यवस्थापन संस्थेची शाखा आहे तिचे मुख्यालय ग्वाल्हेरला! ज्या शहरात पोहणारे थोडे, तेथून देशाच्या जीवरक्षकांच्या शिक्षणाची सूत्रे हलतात.

जीवरक्षकाचे नाव निघाले म्हणून बोटीविषयी. लोक पाण्याखालच्या धोक्याला भितात, पण धोका पुष्कळदा वर, नावेतच असतो. २४ मे २०२२ रोजी मालवणजवळ तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा प्राण गेला. डुबकी झाली होती, मंडळी परतीच्या वाटेवर होती. म्हणून जाकीट अंगावर असले पाहिजे ते निघाल्यापासून उतरेपर्यंत, आणि पट्टे आवळलेले. छायाचित्रापुरते घालून मग मांडीवर ठेवायचे नाही. बोटवाला हसला तर हसू द्यावे.

पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. एका शिक्षकामागे नवशिके किती? मला विचाराल तर दोनाहून अधिक असतील तर उठून यावे. प्रकृतीचा कागद भरून घेतात काय? दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना जादा प्रश्न असतात. जो दुकानदार कागद न विचारता पैसे घेतो त्याच्याकडे जाऊ नये. आणि जावयासमोर वय लपवायचे म्हणून कागदावर खोटे लिहू नये. प्रवासाच्या विम्यात हे खेळ धरले आहेत काय, हे येथून निघण्यापूर्वीच पाहावे. पुष्कळ विम्यांत ते वगळलेले असतात. समुद्रावरच्या झेंड्यांचा अर्थ विचारून घ्यावा. लाल असेल तर हॉटेलच्या जलतरण तलावावर समाधान मानावे.

आणि एक हिशेब विमानाचा. दाबातली हवा श्वासात घेतल्यावर नत्रवायू रक्तात व शरीरात विरघळून राहतो, तो हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात उंचावर गेले, जेथे दाब कमी, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखतात, कधी त्याहून वाईट होते. एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक झाल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये, असा पाणबुड्यांचा दंडक आहे. म्हणून डुबकीचा दिवस मुक्कामाच्या आरंभी ठेवावा. शेवटचा दिवस खरेदीला मोकळा राहतो, आणि ती आपल्या मंडळींकडून चुकत नाही.