पॅचखालची त्वचा : डिंक, घाम आणि खाज

इस्ट्रोजेनचा पॅच त्वचेला धरून राहतो तो केवळ दाबाने. त्याच्या डिंकाला ओलावा लागत नाही की वाळायला वेळ लागत नाही. तळहाताने 10 सेकंद दाबून धरले की तो त्वचेच्या बारीक रेषांत शिरतो आणि पकड घेतो. अ‍ॅक्रिलेट, सिलिकोन आणि पॉलिआयसोब्युटिलीन हे अशा डिंकांचे मुख्य वर्ग. पॅच प्रकारानुसार 3-4 दिवस किंवा पूर्ण आठवडा अंगावर टिकावा लागतो, त्यात आंघोळ आणि घामही आलाच. म्हणून हा डिंक साध्या चिकटपट्टीपेक्षा चिवट केलेला असतो. पॅच काढल्यावर मागे राहणारा चिकटा आणि त्याभोवतीची काळी कड ही त्या चिवटपणाचीच दुसरी बाजू. कड काळी दिसते ती औषधामुळे नव्हे. पॅचच्या काठाशी उघड्या राहिलेल्या डिंकावर कपड्याचे तंतू आणि मळ बसतो, इतकेच.

रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया, शस्त्रक्रियेत अंडाशय काढावे लागलेल्या तरुण स्त्रिया आणि संप्रेरक उपचार घेणाऱ्या पारलिंगी स्त्रिया हे पॅच वापरतात. औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरते, हा गोळीच्या तुलनेत त्याचा मोठा फायदा. पण त्यासाठी औषधाला त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा शृंगस्तर ओलांडावा लागतो. पोटावर किंवा पाठीवर हा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो. पॅच ओढून काढताना या थरातल्या काही पेशी डिंकासोबत निघून येतात. एकदा निघाल्या तर बिघडत नाही, कारण हा थर साधारण दोन आठवड्यांत नवा होतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा पॅच लावला आणि ओरबाडून काढला, तर मात्र खालची त्वचा उघडी पडते आणि चुरचुरू लागते.

अमेरिकेत 1986 साली मान्यता मिळालेल्या इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनच्या पहिल्या पॅचमध्ये औषध मद्यार्क मिसळलेल्या जेलच्या छोट्या पिशवीत भरलेले असे. त्या मद्यार्काने त्वचा लाल होण्याच्या तक्रारी बऱ्याच होत्या. पुढे औषध थेट डिंकातच मिसळण्याची पद्धत आली. पॅच पातळ झाले आणि जळजळ कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही.

डिंकाच्या रसायनाइतकीच हवाही महत्त्वाची असते. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे, कोयनेच्या भूमिगत वीजगृहांमुळे महाराष्ट्राला माहीत असलेले पोफळी या दृष्टीने कठीण ठिकाण आहे. चिपळूण तालुक्याच्या या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मग अंगावरचा घाम कसा वाळणार? एप्रिल-मे महिन्यांत पाऊस फारसा नसतो, पण दमट उकाडा असतो. पॅचखालची त्वचा मुळातच झाकलेली. तिथला ओलावा बाहेर पडत नाही. त्यात घामाची भर पडली की त्वचा पांढुरकी, मऊ, भिजल्यासारखी होते, घामोळे उठते आणि केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. काठ सुटू लागतो, सुटलेल्या काठावर आणखी मळ बसतो. पॅच लावलेल्या जागी पावसाळ्यात येणारी खाज अनेकदा डिंकाची नसतेच; ती कोंडलेल्या घामाची असते. औषध बदलण्याची घाई करण्याआधी हे तपासून पाहायला हवे.

यावर पहिला उपाय जागेच्या निवडीचा. पोटाचा खालचा भाग आणि नितंबाचा वरचा भाग बहुतेक पॅचसाठी योग्य. स्तनांवर पॅच कधीच लावायचा नसतो. कमरेला परकराची नाडी किंवा सलवारचे इलॅस्टिक बसते ती रेघ टाळावी. तिथे घर्षणही होते आणि घामही साचतो. एका जागेवर पुन्हा पॅच लावण्यापूर्वी निदान आठवडाभर जाऊ द्यावा. उजवी-डावी, वर-खाली अशा जागा ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली की गोंधळ होत नाही. आंघोळीनंतर लगेच पॅच लावणे ही सर्रास होणारी चूक. कोकणातल्या हवेत टॉवेलने पुसलेली त्वचाही ओलसरच राहते. पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे बसून, अंग निवल्यावर आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच पॅच लावावा. त्या जागी तेल, पावडर किंवा क्रीम नको. केस असतील तर कात्रीने बारीक करावेत. वस्तऱ्याने काढले तर त्वचेवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यांवर डिंक झोंबतो.

काढण्याची रीत याहून सोपी आहे, फक्त सबुरी हवी. एक कोपरा सोडवून घ्यावा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी शेजारची त्वचा खाली दाबून धरावी आणि पॅच त्वचेलगत मागे दुमडत हळूहळू सोलावा. सरळ वर ओढू नये, झटका तर मुळीच देऊ नये. काठ घट्ट बसला असेल तर तिथे खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून मिनिटभर थांबावे.

उरलेला चिकटा लगेच घासायला घेऊ नये. सुमारे 15 मिनिटे तो उघडा राहू दिला की थोडा सुकतो. मग त्यावर खोबरेल तेल, बेबी ऑइल किंवा पेट्रोलियम जेली लावून बोटाने गोलाकार चोळावे. डिंकाच्या गुठळ्या होऊन तो सुटतो. मऊ फडक्याने टिपून शेवटी साध्या साबणाने तेल धुऊन टाकावे. हे कोकणात कुणाला नव्याने शिकवायला नको. फणस चिरताना विळीला आणि हाताला तेल लावतात त्यामागचे कारण हेच: चीक पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र सैल पडतो. पॅचचा डिंकही पाण्याला दाद देत नाही. म्हणून साबण-पाण्याने कितीही घासले तरी चिकटा जात नाही, त्वचा मात्र सोलवटते. एका वेळी सगळा निघाला नाही तरी चालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल लावावे. त्या जागी आठवडाभर नवा पॅच लागणार नसतो, त्यामुळे घाई कसलीच नाही.

रॉकेल, पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर या चार गोष्टी मात्र त्वचेला लावूच नयेत. डिंक त्यांनी चटकन निघतो हे खरे, पण त्वचेतला नैसर्गिक तेलकट थरही त्याबरोबर जातो आणि मागे भाजल्यासारखा चट्टा राहू शकतो. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते. आधीच खाजणाऱ्या जागी ते टाळलेलेच बरे.

काळजी घेऊनही काही जणींच्या त्वचेला त्रास होतो. तो दोन प्रकारचा असतो आणि त्यांतला फरक ओळखणे हाच या विषयाचा गाभा आहे. पहिला नुसत्या क्षोभाचा. पॅचच्या आकाराएवढाच, रेखीव काठाचा लाल भाग दिसतो, किंचित चुरचुरतो आणि पॅच काढल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उतरतो. दुसरा अ‍ॅलर्जीचा. त्यात खाज जोरदार असते, बारीक पुटकुळ्या किंवा पाण्याचे फोड येतात, पुरळ पॅचच्या सीमेबाहेर पसरते आणि पॅच काढल्यानंतरही वाढत राहते. पुढच्या प्रत्येक पॅचला ते अधिक लवकर आणि अधिक जोराने उठते. दोष डिंकाचा असू शकतो, औषध आत शिरावे म्हणून घातलेल्या द्रव्याचा असू शकतो आणि क्वचित खुद्द संप्रेरकाचाही. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित द्रव्यांचे छोटे नमुने लावून 48 तासांनी आणि त्यानंतर पुन्हा तपासतात, तेव्हा नेमके कारण कळते. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे रंग गडद होणे, जागा गरम लागणे आणि हाताला खरखर जाणवणे या खुणा पाहाव्यात. क्षोभ शमल्यावरही तपकिरी डाग काही महिने राहतो. तो आपोआप फिकट होतो आणि घासून जात नाही.

डिंकाने त्वचेला इजा होते हा अनुभव मराठी घरांत जुना आहे. टिकलीच्या जागी कपाळावर पडणारा पांढरा डाग भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदवला आहे. काही टिकल्यांच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे द्रव्य त्वचेच्या रंगपेशींना मारक ठरते. वैद्यकीय पॅचचे डिंक सहसा वेगळ्या वर्गातले असतात. तरीही टिकलीने कपाळ खाजणाऱ्या किंवा बँडेजच्या पट्टीने पुरळ उठणाऱ्या स्त्रीने पॅच सुरू करण्याआधीच डॉक्टरांना ते सांगावे.

खाजेवर औषधाच्या दुकानातून आणलेली ट्यूब स्वतःहून लावणे धोक्याचे. दमट हवेत त्याच जागी नायटा झालेला असू शकतो आणि स्टेरॉइडच्या मलमाने तो दबल्यासारखा वाटून आतून पसरतो. अशी अनेक मलमे 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकायला मनाई आहे. सौम्य स्टेरॉइड क्रीम डॉक्टर देतात ते पॅच काढल्यावर, रिकाम्या जागी लावायला. पॅचखाली तेलकट मलम लावले तर पॅच सुटतो आणि औषधही नीट आत जात नाही.

अ‍ॅलर्जी ठरली तर वेगळ्या डिंकाचा पॅच किंवा त्वचेवर चोळायची इस्ट्राडायोल जेल हे पर्याय आहेत. गोळी हा सर्वांसाठी सरळ पर्याय नाही, कारण तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून खाजेला कंटाळून पॅच परस्पर बंद करू नये आणि घरातल्या जुन्या गोळ्याही सुरू करू नयेत. फोड, पू, ताप किंवा पसरणारी सूज असेल तर पॅच काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोफळीहून त्यासाठी चिपळूणजवळचे कामथे येथील उपजिल्हा रुग्णालय किंवा डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे.

काढलेल्या पॅचमध्ये बरेच औषध शिल्लक असते. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडावा आणि लहान मुले व पाळीव जनावरे यांच्या हाती लागणार नाही असा बंद कचऱ्यात टाकावा. शौचालयात, वहाळात किंवा उघड्या उकिरड्यावर टाकू नये.