सुभेदार आणि देशमुख : मावळातील दोन सत्तांचा संघर्ष

आजच्या मुळशी तालुक्यातील पौड आणि मुठा ही खोरी बारा मावळांत गणली जात, आणि या डोंगराळ मुलखाचा कारभार शतकानुशतके दोन वेगळ्या प्रकारच्या अधिकाऱ्यांकडे वाटलेला होता. राजाने नेमलेला आणि मर्जीनुसार बदलला जाणारा सुभेदार हा एक, तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच परगण्यात, म्हणजे गावांच्या समूहात, अधिकार गाजवणारा देशमुख हा दुसरा. देशमुखाचे पद हे वतन होते, म्हणजे सेवेच्या मोबदल्यात मिळालेला व वारसाने चालणारा हक्क. परगण्याचे हिशेब देशपांडे ठेवी आणि गावात हीच कामे पाटील व कुलकर्णी यांच्याकडे असत.

संघर्षाचे मूळ या रचनेतच होते. कोणते शेत पिकते, कोणाची ऐपत किती, पडीक जमीन कोणी कसली, हे वतनदारालाच ठाऊक असल्यामुळे परक्या सुभेदाराला त्याच्यावाचून वसूल जमवता येत नसे. उलट वतनदाराला ही माहिती लपवण्यातच लाभ असे. निजामशाही व आदिलशाहीच्या काळात राजधानी दूर असल्याने मुठा खोऱ्यातील मारणे किंवा शेजारच्या मोसे खोऱ्यातील पासलकर यांच्यासारखी देशमुख घराणी आपापल्या खोऱ्यात प्रबळ झाली. रशियन साम्राज्यातही हाच पेच दिसतो : कॅथरीन दुसरी हिने 1775 मध्ये प्रांतांची पुनर्रचना केली तेव्हा गव्हर्नर राजधानीतून नेमला जाई, परंतु जिल्ह्याचा पोलीसप्रमुख स्थानिक जमीनदार आपल्यातून निवडत, त्यामुळे गव्हर्नरचे हुकूम अमलात येणे त्यांच्या सहकार्यावर अवलंबून राहिले.

मावळातील या प्रश्नाला शिवाजी महाराजांनी थेट हात घातला. मावळच्या देशमुखांना त्यांनी स्वराज्यात सामील करून घेतले, पण 1659 मध्ये आदिलशाही सरदार अफझलखान चालून आला तेव्हा मावळच्या देशमुखांपैकी कान्होजी जेधे महाराजांच्या बाजूला आणि खंडोजी खोपडे खानाच्या बाजूला गेल्याने वतनदाराची निष्ठा किती अनिश्चित असते हेही उघड झाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीनुसार महाराजांनी वतनदारांचे वाडे-कोट पाडले, त्यांचे हक्क ठरावीक केले आणि सरकारी कारकुनांमार्फत रयतेकडून वसूल घेण्याची पद्धत घातली. वतने मात्र त्यांनी सरसकट बुडवली नाहीत. 1689 नंतरच्या मोगली युद्धात राजाराम महाराज आणि औरंगजेब हे दोघेही वतनाचे आमिष दाखवून माणसे आपल्याकडे ओढू लागले, आणि वतनदारांवरील हा बांध फुटला. म्हणूनच अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात वतनदारांविषयी इतका कडक इशारा आढळतो.

पेशव्यांनी वेगळा उपाय केला. परगण्यावर नेमलेल्या कमाविसदाराच्या, म्हणजे वसुली अधिकाऱ्याच्या, कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरकदार, म्हणजे ठरावीक कामांचे अधिकारी, असत. त्यांना काढण्याचा अधिकार कमाविसदाराला नसे, आणि त्याच्या हिशेबाची पडताळणी देशमुख-देशपांड्यांच्या कागदांवरून होई. एकाची लबाडी दुसऱ्याने उघडी पाडावी, हे या व्यवस्थेचे मर्म होते. दुसऱ्या बाजीरावाने परगणे मक्त्याने, म्हणजे अधिक रक्कम कबूल करणाऱ्याला वसुलीसाठी, देण्यास सुरुवात केली तेव्हा हा परस्परांचा वचक नाहीसा झाला आणि रयतेला दाद मागायला ठिकाण उरले नाही.

1818 नंतर इंग्रजांनी पगारी मामलेदार नेमून देशमुखांकडील वसुलीचे काम क्रमाने काढून घेतले. मुंबई राज्याने 1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली, आणि 1962 च्या कायद्याने महसुली पाटलाचे पदही संपुष्टात आले. वंशपरंपरागत सत्ता गेली हे न्याय्यच झाले. परंतु मावळचा इतिहास आणखी एक गोष्ट शिकवतो : वरून आलेला अधिकारी आणि स्थानिक सत्ताधारी यांच्यातील तणाव हा स्वतः रयतेचा शत्रू नसतो; मात्र दोघांच्या हिशेबावर तिसऱ्याची नजर नसली, किंवा दोघांनी संगनमत केले, की त्याची किंमत कसणाऱ्यालाच मोजावी लागते.