बर्री, बन्नी आणि उटीची थंडी

एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या, की थंड हवेच्या ठिकाणी जायचे बेत सुरू होतात आणि पहिला प्रश्न येतो, "किती तासांत पोहोचू?" उटीला गाडीने जाताना आम्ही हा प्रश्नच बाजूला ठेवला. बेळगावपासून सुमारे सातशे किलोमीटर. चित्रदुर्ग आणि म्हैसूरला मुक्काम करत तिसऱ्या दिवशी पोहोचायचे. सोबत सासूबाई होत्या, त्यांच्या गुडघ्यांना हाच वेग झेपणारा.

सासूबाई मूळच्या धारवाडच्या. मराठी घरात सून म्हणून आल्या आणि चाळीस वर्षांत त्यांची कानडी माहेरच्या फोनपुरती उरली. मुले त्यांना 'अज्जी' म्हणतात, पण अज्जी कानडीत काही विचारू लागल्या, की उत्तर मराठीत देतात. शाळेत कानडीला मार्क चांगले मिळतात. बोलायचे म्हटले की लाजतात.

दशम्या आणि शेंगाचटणी दुपारपर्यंत पुरली. दावणगेऱ्याला लोणी डोसा झाला. चित्रदुर्गाच्या किल्ल्यात ओबव्वाची खिंड आली, तेव्हा अज्जी दगडावर बसल्या. खिंडीतून एकेक करून शिरणाऱ्या हैदरअलीच्या सैनिकांना ओबव्वाने मुसळाने कसे टिपले, ते त्यांनी कानडीतच सांगितले. 'ओनके' म्हणजे मुसळ, हे मुलांना विचारावेच लागले.

म्हैसुरात गंमत झाली. आमच्याकडे कानडीत स्वागत करायचे, तर 'बर्री' म्हणतात. तिथे हॉटेलवाला म्हणाला, 'बन्नी'. मुलांनी लगेच पकडले. मग बंडीपूरच्या जंगलापर्यंत धारवाडी आणि म्हैसुरी कानडीतले फरक शोधायचा खेळच चालला. परीक्षक अर्थातच अज्जी.

उटी सुमारे २,२४० मीटर उंचीवर. एप्रिलमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो. १८४८ साली सुरू झालेल्या वनस्पती उद्यानात अख्खी सकाळ नुसती हिरवळीवर बसून काढली. २,६३७ मीटर उंचीचे दोड्डबेट्ट पाहायला गेलो, तेव्हा धाकटी म्हणाली, "दोड्ड म्हणजे मोठा, बेट्ट म्हणजे डोंगर!" तमिळनाडूत असूनही नाव तिला समजले होते.

तिथेच चहा विकणारी एक बाई बडग समाजाची निघाली. 'बडग' म्हणजे उत्तरेकडचे. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी म्हैसूरच्या मुलखातून निलगिरीत आले, असे त्यांची परंपरा सांगते. त्यांची भाषा कानडीला जवळची. ती तिच्या भाषेत, अज्जी धारवाडीत. निम्मे शब्दांनी कळले, उरलेले हातवाऱ्यांनी. सासूबाईंना इतके मोकळे हसताना मी फार दिवसांनी पाहिले. थोरल्याने विचारले, "अज्जी, एन अंदळु?" काय म्हणाली ती? प्रश्न कानडीत आला, हे त्याच्या लक्षातही आले नाही. अज्जींच्या मात्र आले.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. बंडीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. उटीसाठी मे २०२४ पासून ई-पास सुरू झाला आहे. निघण्यापूर्वी ताजे नियम पाहावेत. निलगिरीत प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे, म्हणून स्टीलच्या न्याव्यात. आणि घरातल्या अज्जींना पुढच्या सीटवर बसवावे.