तंबोरा जागचा हलत नाही, मग फ्लॅश कशाला?

‘खोलीत उजेड कमी आहे, फ्लॅश मारा.’ घरात वाद्याचा फोटो काढायला बसलं की हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी विकायला काढलेल्या तंबोऱ्यांचे फोटो बघावेत तर भोपळ्यावर भगभगीत पांढरा ठिपका, भिंतीवर काळीकुट्ट सावली, खुंट्या अंधारात. तबलीला चीर आहे की नाही, हेसुद्धा कळत नाही. गिऱ्हाइकाने काय बघून घ्यायचं?

यात नशिबाचा काही भाग नाही. भोपळा गोल आणि त्यावर चकचकीत पॉलिश. त्याचा कुठला तरी बिंदू कॅमेऱ्याकडे तोंड करून असणारच. भिंगाला चिकटून असलेल्या फ्लॅशचा उजेड तिथून सरळ परत येतो. तुम्ही इकडून काढा, तिकडून काढा, ठिपका सरकेल, जाणार नाही. शिवाय अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड एक चतुर्थांश उरतो. तंबोरा आडवा ठेवून भोपळ्याकडून फोटो काढलात, भोपळा एक मीटरवर आणि खुंट्या दोन मीटरवर असल्या, तर खुंट्या काळवंडणारच.

मुळात घाई कसली आहे? हे काही लग्नाच्या वरातीतलं नाचणारं पोर नव्हे. आयएसओ ३२००, एफ २.८ आणि १/६० सेकंदाला फोटो जेवढा उजळ येतो, तेवढाच आयएसओ १०० आणि एफ ८ ला साधारण ४ सेकंदांत येतो. विश्वास बसत नसेल तर गणित करा: आयएसओ ३२ पट कमी, छिद्रातून येणारा उजेड ८ पट कमी, म्हणून वेळ २५६ पट. वर एफ ८ मुळे भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंत बराच जास्त भाग रेखीव येतो. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकांची चळत चालते. बटण बोटाने दाबू नका, २ सेकंदांचा टायमर लावा. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर असाल तर तेवढा वेळ कुणाला चालू देऊ नका. वाद्य खिडकीच्या बाजूला ठेवा आणि दुसऱ्या अंगाला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. चमक खिडकीचीही पडते, पण ती लांबट आणि मऊ असते. भोपळ्याची गोलाई तिच्यामुळेच दिसते.

बाकीचे समज किरकोळ. ‘घरातले सगळे दिवे लावा’: नको, खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड मिसळला की लाकडाचा खरा रंग हरवतो. ‘आयएसओ वाढवल्याने दाणे येतात’: दाणे येतात ते सेन्सरवर प्रकाश कमी पोचतो म्हणून, आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि मग संगणकावर उजळायचा, याने ते कमी होत नाहीत. ‘मोबाइल अगदी जवळ न्या’: नेलात तर भोपळा कलिंगडाएवढा आणि दांडी काडीएवढी दिसेल, मागे सरका आणि २एक्स भिंग असेल तर ते वापरा.

‘पोलरायझर लावला की सगळी चमक जाते’ हे मात्र अर्धंच खरं. पॉलिशवरची चमक तो कापतो, तीही विशिष्ट कोनातच. हा कोन डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ मध्येच मांडून ठेवला आहे. धातूच्या तारांवरची चमक मात्र त्याला जुमानत नाही. तिच्यासाठी वाद्यच जरा फिरवावं लागतं.