सफेद मोतिया, काला मोतिया : फरक ओळखा, डोळे वाचवा

आमच्या घरात उर्दू आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात. मराठीत मोतीबिंदू वेगळा आणि काचबिंदू वेगळा. उर्दूत पहिल्याला सफेद मोतिया म्हणतात, दुसऱ्याला काला मोतिया. पण घरात बोलताना पुढचा शब्द गळून पडतो आणि उरतो नुसता ‘मोतिया’. मग सल्लाही एकच मिळतो, “पिकू द्या, मग काढू.”

याच सल्ल्यावर आमच्या खाला दोन वर्षे थांबल्या. डाव्या डोळ्याने अंधूक दिसत होते. डाव्या बाजूच्या चौकटीला खांदा लागायचा, दस्तरखानावर ठेवलेला पेला हाताने कलंडायचा. आम्ही हसून म्हणायचो, “खाला, जरा बघून!” शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा कळले की मोतीबिंदू तर दोन्ही डोळ्यांत आहेच, पण सोबत काचबिंदूही आहे. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली होती. “ही आता परत येणार नाही. उजवा डोळा मात्र सांभाळता येईल,” असे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी आमचे हसणे आम्हांलाच टोचले.

दोन्ही आजारांतला फरक समजून घेऊ. डोळ्यात एक पारदर्शक भिंग असते. वयानुसार ते गढूळ होते, तो मोतीबिंदू. धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांवर येतो, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. यावर थेंबांचा किंवा पथ्याचा उपाय नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. डोळा बधिर करून गढूळ भिंग काढतात आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी येतात. जिल्हा रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे आता कारण उरलेले नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि काढणे अवघड जाते.

काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यात एक द्रव सतत तयार होतो आणि बाहेर वाहून जातो. वाट अडली की आतला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीर हळूहळू सुकते. बहुतेकांना दुखत नाही. आधी कडेचे दिसणे कमी होते, समोरचे स्पष्ट दिसत राहते. म्हणून माणूस गाफील राहतो. गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया यांनी दाब कमी करून उरलेली नजर वाचवता येते.

काही जणांना मात्र हा आजार अचानक गाठतो. डोळा लाल होऊन असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात. असे झाल्यास सकाळची वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

खालांचे थेंब सुरू झाले. पुढच्या रमजानमध्ये त्यांनी कुणाला न सांगता ते बंद केले. ईदनंतरच्या तपासणीत दाब पुन्हा वाढलेला निघाला. “रोजा मकरूह होईल म्हणून थांबवले,” त्या म्हणाल्या. आम्ही मोहल्ल्यातील इमामसाहेबांना विचारले. हनफी आणि शाफई दोन्ही फिकहांनुसार डोळ्यांत थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, असे त्यांनी समजावले. तरीही मन घेत नसेल, तर सेहरी आणि इफ्तारची वेळ जमेल का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने थेंब बंद करू नयेत.

थेंब घालण्याचीही रीत आहे. हात धुवावेत. एका वेळी एकच थेंब घालावा, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. दुसरे औषध असल्यास मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. शस्त्रक्रियेनंतर वुजूचे पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये, सुरमा लावू नये आणि सज्दा कधीपासून करायचा हे डॉक्टरांना विचारावे. तोवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत आहेच.

काचबिंदू घराण्यात उतरू शकतो. म्हणून खालांच्या सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घेतली. आमच्या अम्मींचा दाबही वाढलेला निघाला. त्यांची नजर अजून शाबूत आहे, कारण वेळीच कळले. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, त्यातही मधुमेह असल्यास किंवा स्टिरॉइडचे थेंब बरेच दिवस वापरले असल्यास, नुसता चष्म्याचा नंबर काढून थांबू नये. डोळ्याचा दाब आणि मागची शीर तपासायला सांगावी.

खालांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पुढे काढला. आता त्या फजरनंतर स्वतः तिलावत करतात. डावीकडून कुणी आले, तर मात्र आवाज द्यावा लागतो. घरात कुणी ‘मोतिया’ म्हटले, की आम्ही आधी विचारतो, “कोणता?”