नाल्याकाठचा चालता हंसराज

ताडोब्यात गेलं की सगळ्यांचे डोळे लांब, वाघाच्या वाटेवर. पावसाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातल्या एखाद्या नाल्यावर थांबलात, तर जरा खाली बघा. सावलीतल्या ओल्या दरडीवर वीतभर लांबीचं, अर्धचंद्रासारख्या पानांचं नाजूक नेचं लोंबत असतं. देठ काळाभोर, केसासारखा चकचकीत. हाच हंसराज.

हे नेचं चक्क चालतं! पात्याचं टोक शेपटीसारखं वाढतं, वाकून मातीला टेकतं आणि तिथेच मूळ धरतं. नव्या रोपाचं टोक पुन्हा पुढे टेकतं. असं टप्प्याटप्प्याने ते दरड काबीज करतं.

आता त्याच्यावर पाणी शिंपडा. थेंब घरंगळून जातात, पान कोरडंच! याचं शास्त्रीय नाव 'एडियंटम फिलिपेन्स', लिनियसने १७५३ साली दिलेलं. त्यातला 'एडियंटम' हा शब्द 'न भिजणारं' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. पण मला खरी नवलाची वाटते ती पुढची गोष्ट. ज्याचं पान भिजत नाही, त्याचा वंश मात्र, टोक टेकवून पसरणं सोडलं तर, सहसा पाण्यावाचून वाढत नाही. हंसराजाला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पानाच्या दुमडलेल्या काठाखाली धुळीसारखे बीजाणू असतात. ते ओल्या मातीत रुजले की आधी नखाहून लहान, बदामी आकाराची हिरवी चकती तयार होते. तिच्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातून नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत पोचते, तेव्हा कुठे नवं रोप उगवतं. नाल्याचा काठ हवा तो यासाठी.

मग इथला मे महिना? पारा ४५ अंशांवर, रानात तेंदूपत्त्याची तोडणी चाललेली आणि हंसराज गायब! पानं वाळून जातात, मातीतलं आखूड खोड तेवढं जीव धरून राहतं. मृगाच्या सरी आल्या की कोवळी पानं गुंडाळी उलगडत वर येतात.

नेच्यांचं घराणंही जुनं, ३५ कोटी वर्षांहून अधिक. सिरोंच्याजवळ वडधमला ज्यांचे जीवाश्म सापडले, त्या डायनासोरांच्याही कितीतरी आधीचं.

गडचिरोलीतल्या आलापल्लीचं 'वनवैभव' हे जंगल २०१४ पासून जैविक वारसा स्थळ आहे. तिथे किंवा कुठल्याही रानात हंसराज भेटला, तर कुंडीसाठी उपटू नका. फोटो काढा, पण दरडीवरची माती तुडवू नका. पुढच्या पावसाळ्याचं खोड तिच्यातच असतं.